कमोडमधला डाग

आमच्या घरात संडास हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. तमिळमध्ये त्याला कक्कूस म्हणतात, पण तो नळावर भांडताना वापरायचा शब्द, असं मला लहानपणीच बजावलेलं. आम्ही म्हणतो, कोल्लैस जाऊन येतो. कोल्लै म्हणजे परस, घरामागची मोकळी जागा. माझ्या लहानपणी ती खरोखर होती. विहिरीपलीकडे, केळींच्या आड चार भिंती होत्या, आणि तिकडे जाऊन आलेल्या माणसाने हातपाय धुऊन, धोतर बदलून मगच उंबरा ओलांडायचा. आता घर सिमेंटचं आहे, दुमजली, दारासुरमच्या रस्त्याला. परस म्हणायला मागे एक अरुंद बोळ उरलाय, त्यात मुलाची मोटरसायकल उभी असते. संडास माझ्या खोलीला चिकटून आहे, न्हाणी आणि तो एकाच दाराआड. तरी खाटेवरून उठताना मी अजून म्हणतो, कोल्लैस जाऊन येतो, आणि चार पावलांवरचं दार लावून घेतो.

ज्या गोष्टीला घरात सरळ नाव नाही, तिच्याबद्दल बोलणार कोण? आम्ही कोणीच बोललो नाही. त्यातून जे झालं ते सांगतो, आणि सांगताना मला लाज वाटते हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे मधे थांबून म्हणायला नको.

मी समयांचा व्यापारी. कुंभकोणमच्या बाजारात पितळेचे दिवे, घंटा, पराती-तांब्यांचा धंदा करत माझं आयुष्य गेलं. आता दुकान मुलगा बघतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या काळात इकडे आले ते कारकुनी करायला, पण लेखणी कधी सुटली आणि तराजू कधी हातात आला ते कोणाला आठवत नाही. बाहेर तमिळ, घरात आमची जुनी मराठी. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, समई काळी पडली तर? मी म्हणायचो, काळी पडत नाही, पडू दिली जाते. चिंच लावा, राख लावा, घासा. डाग हा माझ्या लेखी आळसाचा पुरावा होता. घंटेवर बोटाचा ठसा दिसला तरी मी नोकराला सगळ्यांदेखत बोलायचो. घरी जेवायला बसल्यावर ताटावर पाण्याचा वाळलेला ओघळ दिसला, तर ताट पुढे सरकवून नुसता बघत राहायचो. बायको दुसरं ताट आणायची.

ती गेली त्याला फार काळ झालेला नाही. तिचे दिवसवार झाले, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी मला कमोडमध्ये तो डाग दिसला.

हे कमोड घर बांधलं तेव्हाच बसवलेलं, तिच्या गुडघ्यांसाठी. पांढरंशुभ्र. इतकी वर्षं मी ते वापरलं, पण त्याच्याकडे बघावं असं त्यात काही नव्हतंच. आता मागच्या बाजूने, जिथून पाणी उतरतं तिथून, एक तपकिरी ओघळ खाली आला होता, आणि पाणी साचतं तिथे पिवळट कडं धरलं होतं. मी हातातला तांब्या त्यावर ओतला. मग बादली ओतली. डाग होता तिथेच राहिला.

त्याच सुमारास माझी लघवीची तक्रार सुरू झालेली. थेंब थेंब होई, जळजळ होई, रंगही गडद. साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, त्यात हे. मी दोन आणि दोन चार केले. ती होती तोवर भांडं पांढरं होतं, ती गेली आणि मी एकटा वापरू लागलो तसं पिवळं पडलं. म्हणजे हा रंग माझ्यातून येतोय. म्हातारपण आतून गळायला लागलंय आणि त्याचा ओघळ चिनी मातीवर उमटतोय, याबद्दल मला तिळमात्र शंका वाटली नाही.

माझ्या वडिलांचं शेवट शेवट असं झालं होतं. त्यांच्या खोलीत शिरताना पाहुणे श्वास धरत, हे मी दारात उभा राहून पाहिलं आहे. आई होती म्हणून त्यांचं सगळं निभावलं. आमच्याकडे सून सासऱ्याचं जेवण बघते, गोळ्या देते, धोतरं वाळत घालते; पण हे नाही. हे बायकोने करायचं किंवा कोणीच नाही. भांडी घासायला येणारी बाई संडासाला हात लावत नाही आणि तिला तसं सांगण्याचं धाडस कोणी करत नाही. राहिली सून. ती गुडघे टेकून माझा डाग घासते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आलं की माझ्या अंगावर काटा यायचा. मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, या घरात माझी घाण दुसरं कोणी काढणार नाही. ज्या दिवशी ते होईल त्या दिवशी मी या घरातला कर्ता माणूस उरणार नाही, नुसता एक रुग्ण उरेन.

तर मी घासायला लागलो. लोकांना उपदेश केलेला तोच उपाय, चिंच. स्वयंपाकघरातल्या बरणीतून मूठभर चिंच धोतराच्या सोग्यात बांधून आणायची, दार लावायचं, मोरीतल्या बैठकीवर बसायचं आणि नारळाच्या शेंडीने घासत सुटायचं. पितळेवर चिंच लागली की डोळ्यांदेखत उजाळा येतो. इथे डाग फिका व्हायचा, मी कंबर धरून उठायचो, आणि पुढच्या दोनचार दिवसांत तो पुन्हा हजर. लिंबू करून पाहिलं. खायचा सोडा टाकून पाहिला. दुकानातून निळी बाटली आणली, तिच्या चित्रातलं भांडं आरशासारखं चमकत होतं. माझं नाही चमकलं.

चिंच इतकी कशी संपते म्हणून सुनेने एकदा विचारलं. मी म्हटलं, देवाच्या समया घासतो. मग ते खरं करणं भाग पडलं. उरलेल्या चिंचेने मी समया घासत बसायचो, आणि सून आपल्या माहेरी फोनवर सांगताना मी ऐकलं, की आत्याबाई, म्हणजे तिची सासू, गेल्यापासून मामंजी देवाचं फार करतात. ऐकून बरं वाटलं नाही.

सून आमच्यातलीच, तंजावूरची. पापनाशमच्या शाळेत शिकवते. सकाळी डबा घेऊन निघते ती संध्याकाळी येते. कामाला वाघ, बोलायला मोजकी. आमच्यात वावर असतो तोही मोजका. मी खाली राहतो, ती दोघं वर. सासऱ्याने मुला-सुनेच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, ते असतंच. घर बांधताना वरच्या मजल्यावर टाइल्स कुठल्या लावायच्या ते मी ठरवलं, त्यानंतर वर गेलो ते गच्चीवर, तेही गुडघे धड होते तोवर. त्यांच्या खोलीचं दार मी फक्त बाहेरून ओळखतो.

एका रविवारी ती माझ्या दाराशी आली. हातात ब्रश नव्हता, पण पदर खोचलेला होता. नजर जमिनीकडे ठेवून म्हणाली, आत जरा धुऊन घेते. मी इतक्या जोराने नको म्हणालो की ती मागे सरकली. माझ्या खोलीत कोणाला शिरायचं काम नाही, असंही वर म्हणालो. तिचा चेहरा उतरला. ती गेल्यावर मी आत जाऊन पाहिलं, डाग तसाच होता, आणि वाटलं, कळलंय तिला. वासावरून कळलं असणार.

मग मी पाणी कमी केलं. गणित सोपं होतं: आत जाईल तितकं बाहेर येणार. डॉक्टर म्हणत होते, भरपूर पाणी प्या, जळजळ त्यानेच थांबेल. सून तांब्याचा हंडा भरून माझ्या खोलीत ठेवायची आणि शाळेत जाताना सांगायची, संध्याकाळपर्यंत हा संपायला हवा. संध्याकाळी तो रिकामा असायचा. खिडकीबाहेरच्या जास्वंदीला इतकी फुलं त्याआधी कधी आली नव्हती. मला मात्र जळजळ वाढली, आणि आली की थांबवेना. दाराकडे जाईपर्यंत धोतराला एखादा थेंब लागायचा. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. डॉक्टरांशी मी खोटं बोललो, सुनेशी खोटं बोललो, आणि या सगळ्या खटाटोपात डाग काही हलला नाही.

बायकोच्या वर्षश्राद्धाला एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा ती गंमत वाटली नाही. तिरुनागेश्वरमहून गुरुजी आले होते, वयस्कर, माझ्यासारखेच साखरेचे. पिंडदान उरकलं, पानं वाढायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, कोल्लै कुठे? माझं कमोड त्यांना दाखवण्यापेक्षा मी त्यांना श्राद्धाची दक्षिणा दुप्पट दिली असती. मी म्हटलं, वर जा, मुलाच्या खोलीत. तोच स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली, वर पाणी येत नाही. मी म्हटलं, टाकी गच्चीवर आहे, वर कसं येणार नाही? ती म्हणाली, सकाळपासून येत नाही. मुलगा काही बोलायला गेला, तिने त्याच्याकडे पाहिलं, तो पानं मांडायला गेला. शेवटी गुरुजींना समोरच्या शेजाऱ्यांकडे नेलं. सोवळ्यातले गुरुजी ओलं धोतर सावरत रस्ता ओलांडताहेत आणि शेजारीण दार उघडून थक्क होऊन उभी आहे, हे मी ओसरीवरून बघत होतो. सुनेचा रागही आला. आपल्या खोलीत परक्या माणसाला येऊ द्यायचं नाही, एवढीच तिची गोष्ट, असं मी धरून चाललो.

त्यानंतर मी चिडलो. डागावरच चिडलो. आमच्या ओताऱ्यांच्या कारखान्यात नव्या ओतलेल्या दिव्याची काजळी काढायला अ‍ॅसिड वापरतात. लहान मूलही तिथे बाटलीपासून लांब उभं राहायला शिकतं. मी म्हातारा, दुकानाचा मालक, कोण विचारणार? पिशवीत घालून एक बाटली घरी आणली.

शनिवार होता. मुलगा दुकानात, सून वर पेपर तपासत बसलेली. मी न्हाणीचं दार लावून घेतलं आणि अ‍ॅसिड ओतलं. फेस आला, फसफसलं, बरं वाटलं. ओघळ बराच गेला, पण मधली एक तपकिरी रेघ राहिली. ती रेघ मला सहन होईना. कोपऱ्यात टाकी धुवायची ब्लीचिंग पावडर ठेवलेली होती. एकाने एवढं काम केलं तर दोन्ही मिळून उरलेलं करतील, असा व्यापारी हिशोब करून मी चांगली ओंजळभर पावडर त्यावर टाकली.

त्यातून जो धूर निघाला तो हिरवट पिवळा होता. डोळे मिटले गेले, घसा आवळला, श्वास आत जाईना. कडी कुठे आहे ते मी हाताने चाचपत होतो. ती कशी सापडली, मी बाहेर कसा आलो, मला नीट आठवत नाही. दार ओढून घेतलं एवढं मात्र आठवतं, कारण त्याही क्षणी माझ्या डोक्यात हेच होतं की आत कोणी जाऊ नये.

माझं खोकणं ऐकून सून धावत खाली आली. खिडक्या सताड उघडल्या, मला धरून पुढच्या ओसरीवर नेलं, ओल्या पंच्याने तोंड पुसलं, आणि पाणी प्यायला लावलं. एक पेला झाला, दुसरा, मग आणखी. मी नको म्हणत होतो, ती पेला तोंडाला लावतच होती. घसा इतका जळत होता की मीही प्यायलो. कित्येक महिन्यांत मी एवढं पाणी एका बैठकीत प्यायलो नव्हतो. मग तिने विचारलं, आत काय केलंत? मी म्हटलं, काही नाही.

खोकला बसला. रस्त्यावरून टाउन बस गेली, आणि मला लागली. इतक्या दिवसांची सवय, लागली म्हणजे लागली, तिथे थांबायला जागाच नसते. मी उठलो, माझ्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आतून तो वास अजून येत होता, डोळ्यांना झोंबत होता. आत जाणं शक्य नव्हतं. समोर जिना होता.

मी कठडा धरून चढायला लागलो. सून मागून म्हणाली, मामंजी, कोठे? मी म्हटलं, वर, कोल्लैस. तेव्हा ती मला बाजूला सारून, अक्षरशः माझ्या खांद्याला घासून, पुढे पळत सुटली. सुनेचा धक्का सासऱ्याला लागणं आमच्याकडे ऐकिवात नाही. मी चढतोय, गुडघे कुरकुरताहेत, एकेक पायरी मी दात आवळून घेतोय. त्यांच्या खोलीत शिरलो तर न्हाणीचं दार आतून बंद.

“मामंजी, थांबा,” ती आतून म्हणाली. “एक निमिष थांबा. येऊं नका.”

आणि मला आतून आवाज यायला लागला. ब्रश घासल्याचा आवाज. खरखर, खरखर, मग पाणी ओतल्याचा, पुन्हा खरखर. तो आवाज मी डोळे मिटून ओळखला असता, रोज तोच तर माझ्या हातातून निघत होता. पण त्या क्षणी त्याचा अर्थ लावायला मी मोकळा नव्हतो. मी दारावर थाप मारली. म्हणालो, उघड. ती म्हणाली, आलें, आलें. खरखर थांबेना. मी एका हाताने भिंत धरली, दुसऱ्या हाताने धोतराचा काष्टा. वयाने पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस, ज्याच्यासमोर नोकर उभे राहायला भीत, तो सुनेच्या पलंगाशेजारी पाय आवळून उभा होता.

मग ते झालं. आधी गरम लागलं, मग पायावरून खाली गेलं, मग मी निवडलेल्या त्या फिक्या टाइल्सवर पसरत दाराखालून आत गेलं. आतला आवाज थांबला.

तिने दार उघडलं. हातात ब्रश, पदर ओला, कपाळावर घाम. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडेही पाहिलं नाही, माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघत राहिली. मी खाली वाकायला गेलो. काय करणार होतो देव जाणे, बहुतेक पंच्याने पुसणार होतो. गुडघा वाकेना. तिने माझ्या दंडाला धरलं आणि खुर्चीवर बसवलं. मुलाचं धुतलेलं धोतर आणून शेजारी ठेवलं, बाहेर गेली, मी बदलेपर्यंत थांबली, आणि मग फडका घेऊन आली. ज्या गोष्टीला भिऊन मी वर्षभर जगलो, ती माझ्यासमोर गुडघे टेकून चालली होती. मी खुर्चीत बसून बघत होतो. हात मांडीवर ठेवावेत की आणखी कुठे, तेही सुचत नव्हतं.

पुसता पुसता ती रडायला लागली. मला वाटलं, किळस आली. तिने फडका बादलीत पिळला आणि म्हणाली, “माझ्यामुळें झालें, मामंजी. तुम्हांस तसलें दिसूं नये म्हणून थांबविलें. मी घासून घ्यायची होत्यें.”

मी तिच्या पलीकडे पाहिलं. न्हाणीचं दार उघडंच होतं. तिच्या कमोडमध्ये, मागच्या बाजूने, जिथून पाणी उतरतं तिथून, तपकिरी ओघळ होता. खाली पिवळट कडं होतं. अर्धं घासलेलं, अर्धं तसंच. माझ्याच भांड्याचा जुळा भाऊ.

मग विचारलं, “हें केव्हांपासून?”

“घर झालें तेव्हांपासून. बोअरचें पाणी तांबडें आहे. फ्लश जरा जरा गळतो, तेवढें सदा उतरत राहतें, त्याचा डाग धरतो. रोज घासलें तर दिसत नाहीं. मज शाळा, रोज होत नाहीं.” तिने नाक पुसलं. “तुम्हांस डाग दिसला तर तुम्ही काय म्हणाल, म्हणून गुरुजींसही वर येऊं दिलें नाहीं.”

म्हणजे ते माझ्यातून येत नव्हतं. मी हसायला हवं होतं, किंवा सुटलो म्हणून हुश्श करायला हवं होतं. जास्वंदीला पाजलेले ते हंडे आठवले, ती जळजळ आठवली, आणि स्वतःच्या मूर्खपणाची लाज वाटली. पण ती लाज परवडण्यासारखी होती. त्या सुखाच्या लाजेत मी काही क्षण बसलो. मग एक साधा प्रश्न मनात आला आणि तो विचारला नसता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, घर झालं तेव्हापासून, तर खाली कसा नव्हता? मला तर ती गेल्यावर दिसला.

सून बादली उचलायच्या बेतात होती. तिने ती परत खाली ठेवली.

“खालचें आत्याबाई घासत होत्या,” ती म्हणाली. “रोज. तुम्ही उठायच्या आधीं. त्या गेल्या तेव्हां मी घासत्यें म्हटलें, तर तुम्ही आंत येऊं दिलें नाहीं.”

“मज कोणी सांगितलें कां नाहीं?”

“त्यांनींच सांगूं नको म्हटलें. म्हणाल्या, त्यांस डाग खपत नाहीं, कळलें तर त्यांचें मन तेथेंच राहील.”

ती बादली घेऊन गेली. खाली मागच्या बोळात पाणी ओतल्याचा आवाज आला. मी त्यांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीवर, मुलाच्या धोतरात बसून होतो, आणि माझ्यासमोर बायकोची एकेक पहाट येत होती.

माझी बायको अंधार असताना न्हायची. गावभर मी तिची कीर्ती सांगत असे. दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगायचो, आमच्याकडे सूर्य उगवायच्या आत बाई ओल्या केसांनी देवापुढे उभी असते, असं सोवळं आता कुठे राहिलंय? तिच्या तेराव्यालाही जमलेल्या माणसांत मी हेच सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज दाटला होता. आमच्या घरचा नियम मला पाठ होता, तो नियम मीच चालवत होतो: संडासाला हात लागला की डोक्यावरून न्हाल्याशिवाय चुलीला आणि देवाला शिवायचं नाही. एवढा नियम पाठ असलेल्या माणसाला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही, की रोज एवढ्या पहाटे न्हाण्याचं कारण काय असेल.

शेवटच्या आजारात तिला धाप लागायची. मार्गळीचा, ऐन थंडीचा महिना होता, गार वारा सुटलेला. खाटेचा काठ धरून ती उठली, भिंतीला हात लावत लावत न्हाणीकडे निघाली. मी पांघरुणातून म्हटलं, आज एक दिवस न्हाणं राहू दे, देव काही रागावणार नाही.

“देव नाहीं रागवायचा,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.